लिंडनरबाईंनी केलेलं डोहाळजेवण

लिंडनरबाई स्वतःच्याच घराची बेल वाजवून मग किल्लीनं दार उघडत. एर्लांगेनला त्यांच्या वरच्या मजल्यावर आम्ही राहायला गेलो, तेव्हा पहिले काही दिवस मी बेल ऐकून धावत जिना उतरायची आणि दारात भाजीची पिशवी घेऊन घरमालकीणबाईच उभ्या दिसायच्या. शेवटी न राहवून मी विचारलं, की किल्ली असताना बेल कशाला. त्या म्हणाल्या, "लढाईपासून मी या घरात एकटी शिरते आहे. मुकाट्यानं आत आलं की आपण दुसऱ्याच्या घरात चोरी करायला आलो आहोत असं वाटतं. म्हणून वाजवते. आता तुम्ही येऊन दार उघडता. गेनाऊ, अगदी बरोबर, हेच असं चालू द्या." मग ते तसंच चालू राहिलं. बेल वाजली की मी खाली जायची, त्या किल्ली पिशवीत टाकायच्या आणि पाहुणीसारख्या आत यायच्या.

ही साठ-एकसष्ट सालची गोष्ट. आमचे हे तिथल्या विद्यापीठात रसायनशास्त्रात डॉक्टरेट करत होते आणि मी त्यांच्यामागून बोटीनं आले होते. सांगलीहून निघताना आईनं बोटभर उंचीचा पितळी गणपती, हिंगाची डबी आणि सूचनांचं एक गाठोडं दिलं होतं. त्यातली एकही सूचना जर्मनीत लागू पडत नव्हती. मला भाषा येत नव्हती, थंडी सोसत नव्हती आणि दुकानात कोबीशिवाय एकही भाजी ओळखीची नव्हती. या सगळ्यातून मला हाताला धरून कोणी चालवलं असेल तर ते लिंडनरबाईंनी. हे मी आजही नाकारत नाही, आणि म्हणूनच बाकीचं सांगताना माझा आवाज चढतो.

बाई उंच, काटकुळ्या, सदा घाईत असलेल्या. नवरा रशियाच्या आघाडीवर गेला तो परतला नाही. त्याचा फोटो भिंतीवर नव्हता, पण त्याचं मोठं पुरुषी घड्याळ त्या मनगटावर बांधत आणि ते सारखं कोपराकडे घसरत असे. दर गुरुवारी चर्चच्या गायकवृंदात गायला जात. आवाज जाडसर, पण सुरात पक्का. माझ्या वडिलांनी ऐकला असता तर "हिला बाजाची पेटी द्या" म्हणाले असते.

त्यांचं बोलणं म्हणजे सुरीनं पाव कापावा तसं. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "आल्झो, तर मग, माझ्या घरात दोन गोष्टी चालत नाहीत. ओले बूट आणि अर्धवट बोलणं." जोगळेकर हे आमचं नाव त्या 'योगलेकर' असं उच्चारत; मी फ्राऊ, म्हणजे श्रीमती, योगलेकर. एकदा मी मोहरीची फोडणी केली. धूर जिन्यावरून खाली गेला, बाई वर आल्या. मला वाटलं, आता आपली उचलबांगडी होणार. त्यांनी खिडकी उघडली, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाल्या, "फ्राऊ योगलेकर, हा वास मला आवडत नाही. पण समोरच्या बाईला तो त्याहून आवडत नाही, हे मी आत्ताच खिडकीतून पाहिलं. म्हणून तो मला आवडतो. करा तुम्ही." अशा बाईवर माणूस जीव टाकणार नाही तर काय करणार.

मला दिवस राहिले हे यांच्याआधी बाईंना कळलं. त्यांच्या आंबवलेल्या कोबीच्या वासानं मी तोंडावर हात धरून पळाले, आणि परत आले तर त्या टेबलापाशी हसत बसल्या होत्या. डॉक्टरकडे त्याच घेऊन गेल्या. परतताना पुलावर थांबून म्हणाल्या, "आता तुम्ही-बिम्ही पुरे. मी तुला तू म्हणते, कुसुम, तू मला हिल्डे म्हण." जर्मन माणूस हे सहज करत नाही. वर्षानुवर्षं शेजारी राहून 'तुम्ही'वरच थांबलेली माणसं मी पाहिली आहेत. पण आईच्या वयाच्या बाईला मी नावानं कशी हाक मारणार? आमच्याकडे आईच्या बहिणीला मावशी म्हणतात, तसं म्हणू का, असं मी विचारलं. त्यांनी तो शब्द दोनदा घोळवला. "माउशी. चांगला आहे. मऊ आहे." दुसऱ्या दिवशी माळ्यावरून लाकडी पाळणा खाली आला. त्यांच्या स्वतःच्या बाळासाठी घेतलेला, ज्यात कधी बाळ निजलं नव्हतं. साबणाच्या पाण्यानं घासून तो त्यांनी आमच्या खोलीत खिडकीपाशी ठेवला. "बाळ इथंच मोठं होईल," त्या म्हणाल्या. "ऊन सकाळी या बाजूला येतं."

हे वाक्य किती मोठं होतं ते आज कोणाला कळायचं नाही. त्या काळात तिथं घर मिळणं म्हणजे देव भेटण्यातला प्रकार होता. लढाईत पडलेली घरं सगळी उभी राहिली नव्हती, पूर्वेकडून माणसांचे लोंढे येत होते, आणि विद्यापीठातल्या फळ्यावर खोल्यांच्या ज्या चिठ्ठ्या लागत, त्यांतल्या बहुतेकींवर 'मुलं नकोत' असं लिहिलेलं असे. घर नसेल तर बाळंतपण नन्सच्या आश्रमात, आणि हे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात. सातव्या महिन्यानंतर बोटीवर कोणी घेत नाही, म्हणजे सांगलीची वाटही बंद. माझं बाळ बापाच्या घरात जन्मणार की परक्यांच्या आश्रयाला, हे लिंडनरबाईंच्या त्या एका वाक्यावर टांगलेलं होतं. आणि मी निर्धास्त होते.

सातवा लागला तेव्हा मला माहेरची फार आठवण यायला लागली. एका दुपारी मी बाईंना डोहाळजेवण म्हणजे काय ते सांगत बसले. हिरवी साडी, फुलांचे दागिने, कोणी बागेत करतं, कोणी नावेत, कोणी चांदण्यात. आणि पोटुशीला जे जे हवंसं वाटेल ते ते पुरवायचं. बाईंनी विणकाम थांबवलं. "खाण्याचंच पाहिजे का?"

"नाही. बघावंसं, ऐकावंसं वाटेल तेही."

"मग तुला काय ऐकावंसं वाटतं?"

मी विचार न करता म्हटलं, "उघड्यावर गाणं." लहानपणी कृष्णेच्या वाळवंटात मांडव घालून नाटकं होत. वडील मला मांडीवर घेऊन बसत आणि एकेका पदाला पुन्हा पुन्हा वन्समोअर घेत. ते सगळं मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये त्यांना सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि पुढच्याच आठवड्यात त्यांनी जाहीर केलं, की त्यांच्या गायकवृंदाची बस एका जुन्या मठाच्या भग्नावशेषांत ऑपेरा ऐकायला जाते आहे, आणि दोन जागा आमच्या आहेत. यांना प्रयोगशाळेतून सुटी नव्हती. "बरंच झालं," बाई म्हणाल्या. "डोहाळजेवणात पुरुषांचं काय काम?"

मी हिरवी साडी नेसले. बसची पायरी उंच होती. तिथं एका गृहस्थांनी मला हात दिला, स्वतःच्या पाठीची उशी काढून माझ्या पाठीला लावली आणि टोपी उचलून अभिवादन केलं. ते हेर, म्हणजे श्रीयुत, फोग्ट. विधुर, एका कंपनीत हिशेबनीस, गायकवृंदात खर्जाचा आवाज त्यांचा. वाटेत एका ओढ्याकाठी बस थांबली. बायकांनी टोपल्या उघडल्या. लिंडनरबाईंनी शेताच्या बांधावरून पिवळी-पांढरी फुलं तोडून आणली, त्यांच्या वेण्या गुंफल्या आणि माझ्या केसांत, मनगटांवर बांधल्या. मग त्यांनी सगळ्यांना ओळीनं उभं केलं आणि मला मधे बसवून ती मंडळी चार आवाजांत गायली. पाळण्यासारखं काहीतरी होतं. मी डोळे पुसत होते आणि फोग्टसाहेब मला केक वाढत होते. माझ्या आईनं सांगलीत याहून वेगळं काय केलं असतं?

मठ हजारएक वर्षांचा, आणि कुठल्याशा जुन्या लढाईत जळलेला. छप्पर गेलेलं, पण भिंती आणि कमानी उंचच उंच उभ्या. जिथं देव होता तिथं रंगमंच, आणि जिथं भाविक बसत तिथं आम्ही, मांडीवर ब्लँकेटं घेऊन. अजून उजेड होता. कमानींतून पाकोळ्या ये-जा करत होत्या. पहिला सूर लागला आणि माझ्या अंगावर काटा आला. आमच्याकडे गायक सुराशी खेळतो, इथं तो सूर भाल्यासारखा फेकत होता, पण वर आभाळ होतं आणि गाणं आभाळात जात होतं, मला तेवढं पुरे होतं. गोष्ट मला निम्मीशिम्मी कळली. एका मुलीला तिचा माणूस फसवतो आहे एवढं कळलं. फसवणारा इतकं गोड गात होता की मला त्याचाच पक्ष घ्यावासा वाटला.

मध्यंतरात बाईंनी थर्मासमधली कॉफी ओतली, जर्दाळूचा केक माझ्यापुढे केला आणि मी तो संपवेपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "आल्झो, मुली. ऑगस्टअखेर तुम्हाला खोल्या सोडाव्या लागतील."

मला वाटलं, मला जर्मन नीट कळलं नाही. त्यांनी तेच वाक्य पुन्हा, सावकाश म्हटलं. मी पोटावर हात ठेवला. "मावशी, आम्ही कुठं जायचं?" एवढंच मला सुचलं.

"माझी बहीण येते आहे," त्या म्हणाल्या. "ग्रेटे. थुरिंगेनमध्ये असते, तिकडे, पलीकडे, पूर्व जर्मनीत. दोन मुलं आहेत. धाकट्याला दमा आहे. बर्लिनमधून अजून निसटता येतं, उद्या येईल की नाही कोण सांगणार? तिला मी कुठं ठेवू? तुला कळेल. बहीण आहे."

फोग्टसाहेब केकची बशी हातात घेऊन शेजारीच उभे होते. खोल्यांचं ऐकताच ते बुटांकडे पाहायला लागले आणि बहिणीचं नाव निघायच्या आत खांब बघायला निघून गेले होते. सभ्य माणूस, आमचं घरगुती बोलणं ऐकायचं टाळतो आहे, असं मला वाटलं. आणि मला स्वतःचीच लाज वाटली. दमेकरी पोर घेऊन एक बाई जीव मुठीत धरून सरहद्द ओलांडणार, आणि मी दोन खोल्यांसाठी रडते आहे? दुसऱ्या अंकात मी बाईंचा हात हातात घेतला. थंडी पडायला लागली होती, त्यांनी आपली शाल निम्मी माझ्या खांद्यावर टाकली. शेवटी ती फसलेली मुलगी मरते. बाई हमसून रडल्या. मी त्यांच्या बहिणीच्या काळजीनं रडले.

घरी येऊन मी सगळं सांगताच हे सायकल काढून खोल्या शोधायला लागले. ज्या दारात आमचं परदेशी नाव ऐकूनच नकार येई तिथं माझं पोट बघून तर येईच येई. शेवटी गावाबाहेर एका माळ्याच्या घरामागे एक खोली मिळाली. पूर्वी तिथं कुंड्या ठेवत. भिंतींना ओल होती आणि पाणी अंगणातल्या पंपावरून आणायचं. पाळणा आम्ही नेला नाही. ग्रेटेच्या मुलांना उपयोगी पडेल, असं मीच म्हटलं.

ऑगस्टच्या मध्यावर बर्लिनमध्ये सरहद्द बंद झाली. रेडिओवर ऐकताच मी खाली धावले. बाई स्वयंपाकघरात बटाटे सोलत होत्या. मी त्यांना मिठी मारली. त्यांनी सुरी खाली ठेवली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी रडले, त्याही रडल्या. त्या संध्याकाळी मी आईनं दिलेला गणपती काचेच्या वाडग्यात पाण्यात ठेवला. ग्रेटे मुलांसकट सुखरूप इकडे येईपर्यंत देव बाहेर काढायचा नाही.

"अगं, पाण्यात का ठेवलंस त्याला?" यांनी विचारलं.

"ग्रेटेसाठी."

"पूर्व जर्मनीच्या सरकारपुढं आपल्या गणपतीचं काय चालणार?" मग थोडं थांबून म्हणाले, "पण आता ती येत नाही म्हटल्यावर, आपण राहू का असं विचारून बघायला काय हरकत आहे?"

मी यांच्यावर ताडकन उसळले. बहिणीची ताटातूट झालेल्या बाईला खोलीचं विचारायचं? उद्या ग्रेटे आली तर तिला जागा तयार नको? ऑगस्टअखेर आम्ही खोल्या सोडल्या. मी जमीन स्वतः पुसली, ग्रेटेसाठी.

पंधरवड्यानं मी बेसनाचे लाडू केले आणि बसनं बाईंकडे गेले. लोण्याचं तूप केलं होतं, डाळ दळणारं कोणी नव्हतं म्हणून वाटाण्याचं पीठ घातलं होतं, पण लाडू वळले होते. मुलं आली असतील नसतील, बाईंना तरी तोंड गोड करू, असा विचार. बेल वाजवली. दार फोग्टसाहेबांनी उघडलं. पायात लोकरीच्या सपाता, हातात वर्तमानपत्र.

त्यांनी मला आग्रहानं आत बसवलं. हिल्डे बाजारात गेली आहे, येईलच, म्हणाले. किती छान ऊन येतं वरच्या खोलीत, म्हणाले. तुम्हाला दुसरी जागा मिळाली हे ऐकून फार बरं वाटलं, कारण ईस्टरलाच या खोल्या आपल्याला देण्याचं हिल्डेनं कबूल केलं होतं, पण तुमची सोय झाल्याशिवाय आपण येणार नाही असं आपणच तिला बजावलं होतं, म्हणाले. बिचारे मनापासून बोलत होते.

मी विचारलं, "आणि ग्रेटे?"

"कोण ग्रेटे?"

"मावशींची बहीण. थुरिंगेनमधली."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली. "हिल्डेची बहीण लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात बाँबखाली गेली," ते हळू म्हणाले. "लग्नसुद्धा झालं नव्हतं तिचं. हिल्डेनं तुम्हाला सांगितलं नाही?"

मी लाडवांचा डबा उचलला, पुन्हा येईन म्हणाले, आणि निघाले. मी आले होते हे त्यांना सांगू नका, एवढं मात्र बजावलं. त्यांनी टोपी नसतानाही डोक्याकडे हात नेला.

बसमध्ये मला राग आला नाही. राग नंतर आला. आधी नुसती बधिर झाले. ईस्टरला पाळणा खिडकीपाशी होता. ईस्टरला त्या माझ्यासाठी मोजे विणत होत्या. एकट्या बाईला उतारवयात कोणाची तरी सोबत हवीशी वाटली, यात काय वाईट आहे? "मुली, मला फोग्ट घरात हवा आहे," एवढं जर त्या म्हणाल्या असत्या तर मीच त्यांच्या केसांत फुलं माळली असती आणि दुसऱ्या दिवशी सामान बांधलं असतं. पण त्यांनी मेलेली बहीण उठवली. तिला दोन मुलं दिली, धाकट्याला दमा दिला. माझे डोहाळे पुरवले ते मला घराबाहेर काढणं सोपं जावं म्हणून. आणि मी त्या बहिणीसाठी देव पाण्यात ठेवले होते.

खोलीवर आले, गणपती बाहेर काढला, कोरडा केला आणि कोनाड्यात ठेवला. हे म्हणाले, "आली का ग्रेटे?" मी सगळं सांगितलं. यांनी ऐकून घेतलं आणि स्टोव्ह पेटवून स्वतः चहा केला. खोली विचारायला मी जाऊ दिलं नव्हतं, याची आठवण त्यांनी मला तेव्हाही दिली नाही आणि नंतरही कधी दिली नाही.

मुलगी झाली. इस्पितळात नन्स चांगल्या होत्या. भेटायच्या वेळेला तिसऱ्या की चौथ्या दिवशी लिंडनरबाई आल्या. पिवळं लोकरीचं जाकीट, इवल्या बटणांचं. घड्याळ कोपराकडे सारून त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं. बाळ घ्यावं तर त्यांनीच, असं घेतलं. "कुसुम, नाक तुझं आहे," त्या म्हणाल्या. "कपाळ मात्र हेर योगलेकरांचं."

काही बोलायचं नाही, असं मी ठरवलं होतं. पण त्यांचा तोच आवाज, तेच हात पाहिले आणि मला वाटलं, एक संधी द्यावी. त्या खाली मान घालतील, एक शब्द बोलतील, निदान गप्प बसतील, आणि मी सगळं गिळून टाकीन. परमुलखात मला तरी दुसरं कोण होतं? मी विचारलं, "मावशी, ग्रेटेची काही खबर?"

बाईंचं बोट बाळाच्या मुठीत होतं. ते न सोडवता त्या म्हणाल्या, "बरी आहे ती. परवाच कोणाकडून तरी निरोप आला. म्हणाली, माझ्यातर्फे बाळाचा एक मुका घे." आणि त्यांनी वाकून माझ्या मुलीच्या कपाळाचा मुका घेतला.

मी दोन्ही हात पुढे केले. "फ्राऊ लिंडनर," मी म्हटलं, "बाळाला इकडे द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाळ दिलं. हातमोजे घालायला त्यांना वेळ लागला. त्या दारापर्यंत गेल्या, वळल्या. तेव्हा मी दुपट्याचं टोक घेऊन मुलीचं कपाळ पुसत होते, आणि त्यांना ते दिसेल असंच पुसत होते.